बाकीच्या सातजणी कुठे गेल्या?

एनसीईआरटीच्या दहावीच्या इतिहासात औद्योगिकीकरणावरचा धडा एका चित्राने सुरू होतो. १९०० साली छापलेल्या एका संगीताच्या पुस्तकाचं ते मुखपृष्ठ. पंख असलेल्या चाकावर देवीसारखी एक बाई, हातात नव्या शतकाचा झेंडा, मागे आगगाडी, कॅमेरा, छपाईयंत्र, कारखाना. आणि लगेच धडा विचारतो, प्रगतीची ही विजयगाथा खरी कितपत? पाठ्यपुस्तक आपल्याच पहिल्या चित्रावर संशय घेतं, हे मला फार आवडतं.

गंमत अशी, की हाच धडा शिकून मुलं वर्गात 'म्युझियम' मांडतात तेव्हा तेच मुखपृष्ठ पुन्हा तयार होतं. फक्त थर्माकोलमध्ये.

गेल्या वर्षी भाचीच्या वर्गातलं असं प्रदर्शन बघायला गेलो होतो. शाळा मध्य मुंबईतली. वॉटचं वाफेचं इंजिन होतं, आगगाडी होती, आणि पुठ्ठ्याची एक झकास स्पिनिंग जेनी होती. हँडल फिरवलं की आठही चात्या एकदम फिरायच्या. पुस्तकातली आकृती दहा वेळा बघून जे कळत नाही ते इथे एका फेऱ्यात कळत होतं. म्हणून ही पद्धत मला मनापासून पटते. माझी तक्रार मॉडेलबद्दल नाही, त्याच्या शेजारच्या पाटीबद्दल आहे. तिच्यावर लिहिलं होतं: 'जेम्स हरग्रीव्ह्ज. एक माणूस आठ माणसांचं काम करू लागला.'

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. हे वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे. नवं टूल दाखवतात तेव्हा डेमोची शेवटची स्लाइड साधारण हीच असते. टाळ्या वाजतात. हल्ली टाळ्या वाजवता वाजवता जो तो मनात हिशेब करत असतो, की आपण त्या एकात आहोत की उरलेल्या सातांत.

म्हणून जेनी फिरवणाऱ्या मुलाला मी विचारलं, "मग बाकीचे सात जण कुठे गेले?"

तो हसला. "दादा, ते कुणी विचारलंच नाही."

उत्तराचा धागा खरं तर त्याच धड्यात आहे. हाताने सूत कातणाऱ्या प्रामुख्याने बायका होत्या, आणि जेनी आल्यावर त्यांनी ती यंत्रं फोडली. खुद्द हरग्रीव्ह्जच्या घरावर १७६८ मध्ये जमाव चालून गेला आणि त्याला लँकेशायर सोडून नॉटिंगहॅमला जावं लागलं. पण 'यंत्र वाईट' अशी पाटी लावणं हाही आळसच. सूत मुबलक झालं तेव्हा हातमागवाल्यांना काही दशकं भरपूर काम मिळालं. पुढे यंत्रमाग आले आणि तेही खाली आले. आधी कोण हरलं, नंतर कोण, मधल्या काळात कुणाचं फावलं, हा क्रम म्हणजे इतिहास. पाटीवरच्या एका ओळीत तो मावत नाही.

चांगली म्युझियमं हे कसं करतात? अमेरिकेत लोवेलच्या बूट कॉटन मिल्स म्युझियममध्ये जुने माग खरोखर चालवून दाखवतात आणि बघणाऱ्याला कानात घालायला बोळे देतात. मिनिटभर तिथे उभं राहिलं की दिवसभर त्या आवाजात काम करणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या क्वारी बँक गिरणीत बालकामगार जिथे राहायचे ते घर जपलं आहे. शाळेच्या सहलीला आलेली मुलं तिथे आपल्याच वयाच्या कामगारांच्या खोल्या बघतात.

वर्गात माग आणता येणार नाही, मान्य. पण या शाळेपासून दहा मिनिटांवर बंद गिरणीची चिमणी उभी आहे. प्रदर्शनात मँचेस्टर होतं, ती चिमणी नव्हती. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली उभी राहिली. १९११ मध्ये इथल्या गिरण्यांतले निम्म्याहून जास्त कामगार एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते, हेही त्याच धड्यात आहे. मग कोकणाचा नकाशा लावा आणि वर्गात विचारा, कुणाचे पणजोबा कुठल्या गावाहून आले? घरात कुणाकडे गिरणीचा पास आहे, जुनी ट्रंक आहे? खानावळ चालवणारी पणजी होती का? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांतल्या कुणाचा तरी नातू किंवा पणती त्या वर्गात बसलेली असणं अजिबात अशक्य नाही. यातलं काहीही करायला थर्माकोल लागत नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तूला दोन पाट्या. पहिलीवर यंत्राने काय केलं. दुसरीवर, ते आलं तेव्हा माणसांचं काय झालं आणि हे आपल्याला कुठून कळलं. मॉडेलला दहापैकी पाच गुण, दुसऱ्या पाटीला पाच.

अजून दहा वर्षांनी यांतली बरीच मुलं माझ्यासारखीच कुठल्यातरी डेमोला बसलेली असतील. शेवटच्या स्लाइडवर तेच वाक्य येईल. तेव्हा टाळ्यांच्या आधी हात वर करायची सवय कुठेतरी लागलेली हवी. वर्गातलं म्युझियम त्यासाठी बरी जागा आहे.