पोवाड्यांचा संग्राहक आणि महारोग्यांचा आश्रम

गेल्या वर्षी मी द्वितीय वर्षाच्या वर्गात पोवाड्यांचा इतिहास शिकवीत होतो. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा, तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा, असे नेहमीचे टप्पे घेत मी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या १८९१ सालच्या संग्रहापाशी आलो. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, वडाळ्याला महारोग्यांचा दवाखाना आहे, तो याच ॲक्वर्थचा का?" वर्ग हसला. मी 'हो' म्हणालो आणि पुढचा मुद्दा घेतला. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. आमच्या वाङ्मयेतिहासाने या माणसाचे दोन तुकडे करून एकच का ठेवून घेतला?

हॅरी ॲक्वर्थ हा मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. १८९० साली त्याने लोकवर्गणीच्या बळावर माटुंग्याला, म्हणजे आजच्या वडाळ्यात, बेघर महारोग्यांसाठी आश्रम उभा केला. पुढच्याच वर्षी त्याचा आणि शाळिग्रामांचा पोवाड्यांचा संग्रह निघाला आणि १८९४ साली निवडक पोवाड्यांचे त्याने केलेले इंग्रजी पद्यानुवाद लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. रस्त्याच्या कडेला जखमा उघड्या टाकून मरणाऱ्या माणसाला त्या आश्रमाने छप्पर दिले, अन्न दिले, मलमपट्टी दिली. गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडी असलेली कवने त्या संग्रहाने कागदावर आणली. ही दोन्ही कामे मोठी आहेत आणि ती नाकारण्याचा करंटेपणा मला करायचा नाही. परंतु ही दोन कामे शेजारी ठेवली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ज्याला मराठी माणसाचे बोलणे टिपून ठेवावेसे वाटले, त्याच्या संग्रहात राजे आहेत, सरदार आहेत, लढाया आहेत. त्याच्याच आश्रमात दिवस काढणारा माणूस त्यात नाही.

हा दोष एकट्या ॲक्वर्थचा नाही. तो दयेच्या व्याकरणाचा आहे. दया नेहमी तृतीय पुरुषात बोलते. 'महारोग्यांना ठेवण्यात आले', 'त्यांना अन्न पुरविण्यात आले': अशा वाक्यात कर्ता लपलेला असतो आणि कर्म मुके असते. 'बेघर' हा शब्दच घ्या. या माणसांना घरे नव्हती काय? घरे होती, गावे होती, नातीगोती होती. त्यांना बेघर करणारा कोण, हा प्रश्न 'बेघर' या विशेषणाने विचारण्याआधीच मिटवून टाकला. उत्तर शोधायचे तर मनुस्मृतीचा अकरावा अध्याय उघडावा. वस्त्र चोरणाऱ्याला अंगावर पांढरे कोड, गुरुपत्नीशी गमन करणाऱ्याला त्वचेचा रोग, अशी पापांची आणि रोगांची यादीच तेथे लावून दिली आहे. मागच्या जन्मीच्या पापाने जात मिळते आणि पापानेच अंग झडते, हे एकाच कर्मसिद्धांताचे दोन हात आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात आपल्याबरोबर या माणसांचाही निवाडा लिहिलेला होता, हे आपण फारसे ध्यानात घेतलेले नाही.

धर्माने केले त्यावर इंग्रजाच्या कायद्याने शिक्का मारला. १८९८ च्या महारोग्यांविषयीच्या कायद्याने उघड्यावर भीक मागणाऱ्या किंवा उपजीविकेचे साधन नसलेल्या रोग्याला 'भिकारी महारोगी' ठरवले आणि त्याला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसाला दिला. बंगल्यात राहणारा रोगी या व्याख्येत बसत नव्हता. म्हणजे जंतू एकच, पण अटक दारिद्र्याला! त्याच कायद्याच्या नवव्या कलमाखाली, स्थानिक नियमाने बंदी घातलेल्या सार्वजनिक विहिरीचे वा तळ्याचे पाणी घेणे रोग्याला मना करता येत होते. चवदार तळ्याचा इतिहास ज्याच्या रक्तात आहे, त्याने हे कलम वाचावे आणि स्वस्थ बसून दाखवावे. हा कायदा स्वतंत्र भारतात २०१६ सालापर्यंत पुस्तकात होता.

आश्रमाच्या इतिहासातली आणखी एक नोंद मला विसरता येत नाही. १८९७ साली तेथील मैल्याच्या टाक्यांतून निघणारा वायू साठवून त्यावर इंजिन चालविण्यात आले. जैविक वायूच्या इतिहासात माटुंग्याचे नाव त्यामुळे आजही घेतले जाते. ज्या माणसांच्या मैल्याची शास्त्राने इतकी काळजीपूर्वक नोंद ठेवली, त्यांची सुखदुःखे कोणी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायची होती?

येथवर दुसऱ्यांविषयी लिहिणे सोपे होते. आता आपल्याविषयी. दलित साहित्याने मराठीला काय दिले, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, प्रथम पुरुष दिला. १९७८ साली 'बलुतं' आले आणि ज्याच्याविषयी इतरांनी कळवळून लिहिले होते तो माणूस स्वतः बोलू लागला. परंतु याच आपण आपल्या भाषणांतून आणि लेखांतून किती सहज लिहितो, 'अस्पृश्यता हा समाजाला जडलेला महारोग आहे'! मीही लिहिले आहे. विद्यार्थी असताना एका वक्तृत्व स्पर्धेत हेच वाक्य म्हणून मी टाळ्या घेतल्या आहेत. त्या सभागृहात हातापायांची बोटे झडलेला कोणी बसला असता तर त्याला काय ऐकू आले असते? हेच की, तू म्हणजे या समाजातली सर्वांत घाणेरडी गोष्ट. आपल्या जातींची नावे ज्यांनी शिवी म्हणून वापरली, त्यांच्यात आणि आपल्यात त्या क्षणी किती अंतर उरले होते?

आज हा रोग औषधाने पूर्ण बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची दिशा घालून दिली. रोगाचे कारण दाखवून घटस्फोट घेण्याची तरतूद २०१९ साली व्यक्तिगत कायद्यांतून निघाली. वडाळ्याचे रुग्णालय आता महानगरपालिकेचे आहे आणि ॲक्वर्थचे नाव त्यावर अजून आहे. अंगातला जंतू मरतो, कायदा रद्द होतो. भाषेतली अस्पृश्यता मात्र आपण मारल्याशिवाय मरत नाही. म्हणून माझे दोन आग्रह आहेत. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी अशा रुग्णालयांत आणि वसाहतींत फळे वाटायला न जाता, तेथल्या वृद्धांना मान्य असेल तर, त्यांचे बोलणे लिहून घ्यायला जावे. आणि ते वाक्य आपण आपल्या लेखणीतून काढून टाकावे.

त्या मुलाला मी पुढच्या तासाला थांबवून घेतले. तो वडाळ्यालाच राहतो. "काल मी अर्धेच उत्तर दिले," असे म्हणून त्याला हे सारे सांगितले. ऐकून तो म्हणाला, "सर, मग हे वर्गात सांगा ना. काल सगळे हसले होते."

सांगितले.