‘वाचणे’ आणि ‘पाहणे’ : फलकविषयक नियमांच्या भाषेचे एक परीक्षण

नगररचनेच्या नियमावल्या हा भाषाभ्यासाचा विषय मानण्याची आपल्याकडे प्रथा नाही. तरीपण भाषेच्या अभ्यासकाने अवश्य वाचावेत असे जे थोडे कायदे आहेत, त्यांत रस्त्यावरील फलकांचे नियम येतात. हे नियम भाषेत लिहिलेले असतात एवढेच नव्हे, तर ज्या वस्तूंचे नियमन त्यांना करावयाचे असते त्याही भाषेनेच भरलेल्या असतात. घराची उंची किंवा गटाराची रुंदी ठरविणाऱ्या नियमापुढे हा पेच नाही. भिंत काही बोलत नाही. फलक बोलतो. साहजिकच नियम लागू करणाऱ्या अधिकाऱ्याने तो फलक वाचावयाचा, की तो किती मोठा, किती उंच आणि किती उजळ आहे एवढेच पाहावयाचे, हा प्रश्न उपस्थित होतो.

अमेरिकेतील ॲरिझोना या एकाच राज्यात या प्रश्नाला तीन गावांनी तीन निरनिराळी उत्तरे दिली. गिल्बर्टने फलक वाचला, फिनिक्समध्ये प्रकाशाच्या एका विशेषणावरून वाद झाला, आणि फ्लॅगस्टाफने आधी दिव्याला नावाने ओळखून पुढे त्याचे मोजमाप केले. नियमकर्ता जेव्हा मोजपट्टीच्या जागी शब्दाचा अर्थ ठेवतो तेव्हा नियम फसतो, असे या तिहींच्या तुलनेवरून दाखविता येईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

गिल्बर्टच्या नियमावलीत परवान्यावाचून लावता येणाऱ्या फलकांचे २३ वर्ग केलेले होते. त्यांतील तीन वर्ग पाहिले म्हणजे पुरे. विचारप्रणालीविषयक फलक २० चौरस फुटांपर्यंत चाले आणि त्यास काळाची मर्यादा नव्हती. निवडणुकीचा राजकीय फलक निवासी जागेत १६ व अन्यत्र ३२ चौरस फुटांपर्यंत चाले, पण निवडणुकीच्या आगेमागे ठरावीक दिवसच. एखाद्या कार्यक्रमाची वाट दाखविणारा तात्पुरता फलक मात्र ६ चौरस फुटांहून मोठा नसावा, एका जागेत असे चारच असावेत, आणि ते कार्यक्रमापूर्वी १२ तास व नंतर एक तास एवढ्याच अवधीत असावेत, असा निर्बंध होता. ज्या लहान चर्चला या शेवटच्या नियमाचा जाच झाला त्याला स्वतःची वास्तू नव्हती. शाळेत वा अन्यत्र प्रार्थना भरत असल्यामुळे दर शनिवारी पंधरावीस फलक लावून लोकांना ठिकाण कळवावे लागे. रविवार सकाळच्या प्रार्थनेआधीचे बारा तास म्हणजे शनिवारची रात्र. ज्या फलकाचे कामच वाट दाखविण्याचे, त्याच्या वाट्याला नियमाने काळोख दिला. मुदत मोडल्याबद्दल चर्चला दोनदा समज देण्यात आली. दुसऱ्या वेळी फलकावर कार्यक्रमाची तारीख नसल्याचाही ठपका होता.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ‘रीड विरुद्ध टाउन ऑफ गिल्बर्ट’ या खटल्यात ही नियमावली एकमताने रद्द ठरविली. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती थॉमस यांचे. लॉक या तत्त्वज्ञाच्या ग्रंथावरील चर्चेची वेळ सांगणारा, लॉकच्या अनुयायास मत द्या म्हणणारा आणि लॉकच्या सिद्धान्तावर आधारलेले मत मांडणारा, असे तीन फलक कल्पून ते म्हणतात की गिल्बर्टचा नियम या तिघांना तीन रीतींनी वागवितो, आणि हा भेद केवळ मजकुरावरून होतो. दृष्टान्त मार्मिक आहे. परंतु त्यावरून काढलेले अनुमान फार रुंद झाले. नियम लावण्यासाठी फलक वाचावा लागत असेल तर तो नियम मजकुरावर आधारलेला व म्हणून संशयास्पद, असा अर्थ खालच्या न्यायालयांनी त्यातून काढला. न्यायमूर्ती केगन यांनी सहमतीच्या पण स्वतंत्र मतात धोक्याची सूचना तेव्हाच दिली होती : अशा कसोटीने गावोगावचे निरुपद्रवी नियमही कोसळतील. न्यायमूर्ती अलिटो यांनी निर्दोष नियमांची एक यादीच दिली. तीत आकार, जागा, उजळलेला व न उजळलेला फलक, स्थिर मजकूर व बदलता विद्युत्-मजकूर, असे भेद येतात. त्याच यादीत स्वस्थानीय व परस्थानीय फलकांचा भेदही आहे, आणि खरी गुंतागुंत तेथे आहे.

जागेवरच चालणाऱ्या व्यवहाराविषयी सांगणारा फलक स्वस्थानीय. दुसरीकडच्या व्यवहाराविषयी सांगणारा परस्थानीय. हा भेद न वाचता करता येत नाही. टेक्सासमधील ऑस्टिन शहराने परस्थानीय फलकांना विद्युत्-पडद्याचे रूप देण्यास मनाई केली होती. फलकांचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीने २०१५ च्या निकालाचा आधार घेऊन त्यास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ते फेटाळले. वाचावे लागते हे खरे, पण फलकाचा त्याच्या स्थानाशी संबंध काय एवढे कळण्यापुरतेच, असे बहुमताचे म्हणणे. थॉमस यांनी भिन्नमत नोंदविले आणि हा २०१५ च्या निर्णयाचा त्याग आहे असे म्हटले.

भाषाशास्त्राचा विद्यार्थी येथे बहुमताच्या बाजूने उभा राहील, पण त्यांच्याहून अधिक नेमक्या कारणाने. ‘येथे’, ‘आज’, ‘मी’ या निर्देशक शब्दांचा अर्थ उच्चाराच्या स्थळकाळावाचून पुरा होत नाही. फलकाची गोष्ट तीच आहे. ‘चहा मिळेल’ एवढीच पाटी टपरीवर असली तर तीत ‘येथे’ हा शब्द अध्याहृत असतो. तीच पाटी उचलून मैलभर अलीकडे लावली तर ती निरर्थक होते, नाही तर खोटी ठरते. तिला ‘पुढील वळणावर’ हे शब्द जोडावे लागतात. म्हणजे स्थान हा फलकाच्या बाहेरचा संदर्भ नसून त्याच्या अर्थाचा घटक आहे. फलक कोणत्या स्थानाचा निर्देश करतो हे वाचणे आणि तो कोणते मत मांडतो हे वाचणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. २०१५ च्या निकालाने ‘वाचणे’ हे एकच क्रियापद वापरून दोहोंना एका दावणीला बांधले. हा भेद नेहमीच स्वच्छ असतो असे मात्र नव्हे. शीतपेयाच्या किंवा रंगाच्या कंपनीने करून दिलेली दुकानाची पाटी आपण गावोगाव पाहतो. दोनतृतीयांश जागेत कंपनीचे चिन्ह आणि खाली कोपऱ्यात ‘अमुक किराणा भांडार’. ती पाटी ‘येथे’ म्हणते की ‘सर्वत्र’ म्हणते?

मुंबईच्या महानगरपालिकेचा १८८८ चा अधिनियम या बाबतीत अभ्यसनीय आहे. त्याच्या कलम ३२८ मधील आकाशफलकाची व्याख्या रस्त्यावरील पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून केलेली आहे : इमारतीवर उभारलेला आणि रस्त्यावरील कोणत्याही ठिकाणाहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा तो आकाशफलक. जाहिरातींविषयीच्या कलम ३२८-अ मध्ये जेथे जाहिरात लावली त्याच जागेतील व्यापाराविषयीच्या जाहिरातीस परवानगीची गरज नाही, अशी सवलत आहे; पण ती प्रकाशित जाहिरातीस वा आकाशफलकास नाही. म्हणजे आपल्या कायद्यात आधी दिवा पाहावयाचा आणि तो नसेल तरच पाटी वाचावयाची. हा अनुक्रम कोणी तत्त्वविचार करून घातला की सोयीने पडला, काहीही असो. गिल्बर्टच्या तेवीस वर्गांपेक्षा त्यात शहाणपण अधिक आहे.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. दुकानांच्या नामफलकांवर देवनागरीतील मराठी अक्षरे इतर भाषेतील अक्षरांहून लहान नसावीत, असा दंडक महाराष्ट्राने २०२२ च्या सुधारणेने सर्व दुकानांना लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. हाही वाचूनच लावावयाचा नियम नव्हे काय? होय, परंतु येथे लिपी व भाषा हेच नियमाचे साध्य आहे. गिल्बर्टला चर्चच्या मजकुराशी कर्तव्य नव्हते. त्याला रस्त्यावरील गर्दी कमी करावयाची होती, आणि गर्दी मोजण्याऐवजी त्याने मजकुराचे वर्ग पाडले.

आता प्रकाशाकडे वळू. १९६५ च्या महामार्ग-सौंदर्यीकरण कायद्यान्वये संघशासनाने राज्यांशी जे करार केले, त्यांत ‘फ्लॅशिंग, इंटरमिटंट ऑर मूव्हिंग’ प्रकाशाच्या फलकांना सामान्यतः मनाई आहे. बल्बांच्या माळा डोळ्यांपुढे असताना लिहिलेले हे तीन शब्द पुढे विद्युत्-पडद्यांना लावण्याची वेळ आली. संघीय महामार्ग प्रशासनाने २००७ च्या सप्टेंबरात कळविले की चित्र काही सेकंद स्थिर राहून बदलत असेल तर या तीन विशेषणांचा भंग होत नाही; आठ सेकंदांचा अवधी त्याने शिफारशीदाखल सुचविला. फिनिक्समध्ये महामार्गालगत असाच, दर आठ सेकंदांनी चित्र बदलणारा फलक शहराच्या परवानगीने उभा होता. ॲरिझोनाच्या अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये त्याचा प्रकाश ‘इंटरमिटंट’ आहे व म्हणून तो राज्याच्या कायद्याविरुद्ध आहे, असा निर्णय दिला. उलट संघाच्या २००७ च्या अर्थनिर्णयास कोलंबिया परगण्याच्या अपील न्यायालयाने २०१६ साली बाध आणला नाही. एकच विशेषण, आणि दोन परस्परविरोधी अर्थ.

मराठीचा कान प्रथमदर्शनी संघशासनाकडे झुकेल. लुकलुकणे, मिणमिणणे, लखलखणे, झगमगणे अशी प्रकाशाची क्रियापदे आपल्याकडे विपुल आहेत. त्यांतील द्विरुक्ती आवृत्ती सुचविते, पण ती शीघ्र आवृत्ती असते. आठ सेकंद स्थिर राहून बदलणाऱ्या पडद्याला कोणी लुकलुकणारा म्हणणार नाही. तथापि हा कौल पहिल्या शब्दापुरता, ‘फ्लॅशिंग’पुरता आहे. ‘इंटरमिटंट’चा आशय खंडित, थांबून थांबून होणारा, एवढाच, खंडांमधील अंतर किती असावे याविषयी तो शब्द मौन पाळतो. शिवाय व्याकरणदृष्ट्या ते विशेषण ‘प्रकाश’ या नामाचे आहे, ‘चित्र’ किंवा ‘संदेश’ यांचे नव्हे. चित्र स्थिर होते की नाही हा प्रश्नच वाक्यात नाही. चित्र बदलताना दिव्यांचा एक समूह विझतो व दुसरा लागतो काय, हा आहे. आणखी एक पुरावा असा की अनेक राज्यांच्या करारांत वेळ, तारीख, तापमान दाखविणाऱ्या फलकांना स्पष्ट अपवाद केलेला आहे. आकडे बदलणे मूळ मनाईत मोडतच नसते तर अपवादाचे प्रयोजन काय? यास्तव ॲरिझोनाच्या न्यायालयाचे वाचन अधिक ग्राह्य वाटते. संघीय प्रशासनाने शब्दाचा अर्थ सांगण्याच्या निमित्ताने शब्दच बदलला.

पण ग्राह्य वाचनाने प्रश्न सुटला नाही. वर्षभराच्या आत, २०१२ साली, विधिमंडळाने असे फलक चालावेत म्हणून विधेयक आणले. खगोलवेधाच्या संस्थांची बाजू लक्षात घेऊन राज्यपालांनी ते परत पाठविले. मग तडजोडीचा कायदा होऊन राज्याच्या एका भागात असे फलक चालू झाले आणि वेधशाळांच्या मुलखात बंदी राहिली. विशेषणावरून सुरू झालेला वाद नकाशावरील रेषेने मिटला.

फ्लॅगस्टाफ येथे लोवेल वेधशाळा १८९४ पासून आहे. १९३० साली क्लाइड टॉम्बो यांना प्लुटो तेथेच सापडला. या गावाने १९५८ साली जाहिरातीसाठी आकाशात झोत सोडणाऱ्या दिव्यांना बंदी केली; बाहेरील प्रकाशावर निर्बंध घालणारा जगातील पहिला नियम म्हणून तो ओळखला जातो. त्यात झोत कोणासाठी व काय सांगतो याचा विचार दुय्यम होता. उपद्रव आकाशाला होता आणि बंदी आकाशात जाणाऱ्या झोतावर होती. १९८९ साली गाव आणखी पुढे गेले : वेधशाळांपासूनच्या अंतराप्रमाणे परिमंडळे पाडून व्यापारी जागेत दर एकरी किती ल्यूमेन प्रकाश चालेल ते ठरविले. सर्वांत जवळच्या परिमंडळात २५,०००, सर्वांत दूरच्या परिमंडळात १,००,०००. तेथे दुकान कशाचे आहे हे कोणी विचारीत नाही. २००१ साली या गावास पहिले आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’ शहर म्हणून मान्यता मिळाली.

मोजमापाच्या नियमाची प्रशंसा करताना त्याची किंमतही नोंदविली पाहिजे. फलक लुकलुकतो की नाही हे रस्त्याने जाणारा कोणीही सांगू शकतो. ल्यूमेनची बेरीज किंवा फूटकँडलचा अंश त्याला सांगता येत नाही. विद्युत्-फलकाने ठरावीक अंतरावर मूळ प्रकाशात ०.३ फूटकँडलहून अधिक भर घालू नये, असा नियम अमेरिकेतील अनेक शहरांत आढळतो. हा आकडा नगण्य भासतो. वस्तुतः तो सुमारे ३.२ लक्स होतो, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याच्या दहापटीच्या घरात. विशेषणावर वाद घालता येत होता. दशांशचिन्हामागे दडलेल्या उदारपणाविरुद्ध वाद घालावा हे नागरिकास सुचतही नाही. आणि आकडा स्वतःची अंमलबजावणी करीत नाही. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी कोसळून १७ जणांचा बळी घेणारा फलक १२० फूट लांब व तितकाच उंच होता, आणि महानगरपालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. तेथे शब्दाचा अर्थ लावण्याचा प्रश्न कोणापुढेही नव्हता. जागा रेल्वे पोलिसांकडची असल्यामुळे ती मर्यादा तेथे कोणी लावावयाची, याविषयी दोन कार्यालयांत मतभेद होता.