मृदापत्रिका आणि शहरातील जांभा

जमिनीविषयीचे शास्त्रीय ज्ञान प्रयोगशाळेबाहेर नेणारे आपल्याकडील सर्वांत व्यापक लेखन कोणते, असे विचारल्यास मृदा आरोग्य पत्रिकेचे नाव घ्यावे लागेल. फेब्रुवारी २०१५ मध्ये आरंभ झालेल्या योजनेची ही पत्रिका साहित्यकृती नव्हे, हे खरे. परंतु ती लोकांनी वाचावी अशी अपेक्षा असल्याने तिचेही परीक्षण व्हावयास हवे.

तीत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांसह बारा घटक नोंदविलेले असतात. बागायतीत अडीच व जिरायतीत दहा हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना, असा मूळ नियम. पिकाला खत किती द्यावे, एवढ्याच प्रश्नाचे हे उत्तर होय. रत्नागिरी शहरातील घरमालक, अभियंता वा गवंडी यांच्याशी ती बोलतच नाही.

येथील जमीन समजावयाची तर तिचा उभा छेद पाहावा लागतो. वर कातळ, खाली चिरा देणारा जांभा, आणि त्याखाली पुष्कळ ठिकाणी शेडी, म्हणजे मऊ, फिकट चिकणमाती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडणारा पाऊस जांभ्याच्या छिद्रांतून व भेगांतून झपाट्याने खाली उतरतो. शेडी तो अडविते, आणि ती भिजून मऊ पडली की वरचा भार सरकण्याची भीती. शोषखड्डा विहिरीपासून किती दूर असावा, उतार कोठवर कापावा, हे प्रश्न सामूच्या आकड्याने सुटत नाहीत. शिवाय शहराची माती शेताची नव्हेच. मुळात आम्लधर्मी अशा लाल मातीत चुना-सिमेंटचा राडारोडा मिसळला की सामू चढतो आणि दहा पावलांवरचा नमुना निराळा निघतो. तेथे दहा हेक्टरांच्या एका नमुन्यास काय अर्थ?

दुसरा दोष भाषेचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. चिरेखाणीवरचा कामगार जांभा व शेडी यांतील भेद हाताने ओळखतो. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये या दगडास लॅटराइट हे नाव दिले, तेही मलबारात लोक तो विटांसारखा कापतात हे पाहून. लॅटिनमध्ये 'लाटेर' म्हणजे वीट. शास्त्राने संज्ञा घेतली ती कारागिराच्या कामावरून. आपण मात्र त्याच कारागिरापुढे 'मृदा' हा शब्द ठेवतो व त्याचे शब्द गाळतो. आपले प्रबंधही यास अपवाद नाहीत.

दापोलीच्या कृषी विद्यापीठातील मृदाज्ञान व अभियंत्यांचे पायाविषयक ज्ञान यांची गाठ एका साध्या कागदावर पडावी: शहराच्या एकेका भागाचा उभा छेद, विहिरींची खोली, भरावाच्या जागा. त्यावर शेडीला शेडीच म्हणावे.