समतोल म्हणजे तराजू नव्हे

रासायनिक समतोलाचा पाठ आला की फळ्यावर आधी तराजू निघतो. डाव्या पारड्यात अभिकारके, उजव्यात उत्पादिते, काटा मधोमध. अवसरी खुर्दच्या मुलाला तराजू समजावून सांगावा लागत नाही. मंचरच्या बाजारात कांदा-बटाट्याचे वजन होताना त्याने तो लहानपणापासून पाहिलेला असतो. ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी कल्पनेकडे जावे, हा नियमही शिक्षकाने पाळलेला असतो. तरी आमच्या मते या पाठाचे सर्वांत मोठे नुकसान हेच चित्र करते.

काटा स्थिरावला की दोन्हीकडचे वजन सारखे असते आणि हालचाल थांबलेली असते. रासायनिक समतोलात हालचाल थांबत नाही, आणि दोन्ही बाजूंचे साठे सारखे असण्याचे कारण नाही. सारखे असतात ते पुरोगामी आणि प्रतिगामी अभिक्रियांचे वेग. मुले व्याख्येत ‘वेग समान’ लिहून गुण मिळवतात आणि पुढच्याच गणितात दोन्ही बाजूंची संहती समान धरतात. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांनी चित्रावर विश्वास ठेवला.

काही शिक्षक धरणाचे उदाहरण घेतात. डिंभे धरणात घोड नदीचे जेवढे पाणी येते तेवढेच बाहेर सोडले तर पातळी स्थिर राहील. हे तराजूपेक्षा बरे, कारण इथे काहीतरी चालू आहे. पण गेलेले पाणी परत येत नाही. ही नुसती स्थिर अवस्था झाली. ‘बंद भांड्यात’ हे शब्द पुस्तकात असतात. आपण ते वाचून पुढे जातो. चुनाभट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला चुनखडी फुटते, कार्बन डायऑक्साइड हवेबरोबर निघून जातो, म्हणून तर सगळ्या दगडाचा चुना होतो. भट्टी घट्ट बंद केली असती तर काम अर्ध्यावर अडले असते.

मग वर्गात काय करावे? नव्वद चिंचोके आणि दोन डबे घ्या. सगळे चिंचोके ‘अ’ डब्यात. प्रत्येक फेरीत ‘अ’मधले एकतृतीयांश ‘ब’मध्ये आणि त्याच वेळी ‘ब’मधले एकषष्ठांश ‘अ’मध्ये टाकायचे, अपूर्णांक आला तर जवळचा पूर्णांक घ्यायचा. ‘अ’मध्ये ९०, ६०, ४५, ३८ असे होत आकडा तिसाच्या जवळ थांबतो. चिंचोके मात्र थांबत नाहीत. दर फेरीला दहा जातात, दहा येतात. सुरुवात ‘ब’पासून केली तरी मुक्काम तोच, ३० आणि ६० च्या आसपास. साठे सारखे नाहीत, हे मुलांनी स्वतः मोजलेले असते.

आता ‘अ’मध्ये आणखी ३० चिंचोके टाका. ल शातेलिए यांचे १८८४ चे तत्त्व आपण ‘संहती बदलाला विरोध करते’ असे सांगतो, जणू भांड्यात कोणी हट्टी माणूस बसला आहे. डब्यात कोणी विरोध करीत नाही. ‘अ’मध्ये जास्त आहेत म्हणून जास्त जातात, एवढेच. शेवटी ४० आणि ८० उरतात. म्हणजे टाकलेल्या तिसांपैकी वीस पलीकडे गेले, दहा राहिले. मूळ स्थिती परत येत नाही, गुणोत्तर परत येते. ‘विरोध’ या शब्दाने हा फरक झाकला जातो.

शेवटचा खेळ उत्प्रेरकाचा. दोन्ही वाटे दुप्पट करा, दोनतृतीयांश आणि एकतृतीयांश. नव्वदांपासून निघाल्यास पहिल्याच फेरीत ३० आणि ६०. मुक्काम तोच, पोहोचणे लवकर. अमोनिया बनण्याची अभिक्रिया उष्मादायी असते. तापमान कमी ठेवले तर समतोलात अमोनिया जास्त मिळतो, पण तिथे पोहोचायला वेळ फार लागतो. म्हणून लोखंडाचा उत्प्रेरक वापरूनही अमोनियाचे कारखाने साधारणतः ४०० ते ५०० अंशांवर चालवतात, आणि समतोलातले कमी प्रमाण पत्करून न जुळलेला वायू पुन्हा आत फिरवतात. बटाट्याला पडणारा युरिया याच अमोनियापासून होतो. थळच्या कारखान्याचे नाव मुलांनी खताच्या गोणीवर वाचलेले असते. तराजू पुसून फळ्यावर ती गोणी काढायला हरकत नाही.