चार आण्यांचा सभासद आणि एक कोटीचा बाँड

'निष्ठावंत' हा शब्द आपल्या राजकारणात हल्ली दोनच वेळा ऐकू येतो. एकदा तिकीटवाटपाच्या आठवड्यात, आणि एकदा माणूस गेल्यावर श्रद्धांजलीच्या सभेत. (हशा) हसताय, पण ज्याने आयुष्याची तीस-चाळीस वर्षं सतरंज्या उचलल्या, भिंती रंगवल्या, घरची भाकरी बांधून प्रचाराला गेला, त्याच्यासाठी हा विनोद नाही. अशी माणसं सगळ्या पक्षांत आहेत, आणि पक्ष कुठलाही असो, वाक्य साधारण एकच असतं: "पक्ष आता आमचा राहिला नाही, उद्योगपतींचा झाला."

आज या वाक्याचीच तपासणी करायची आहे. यात एक गृहीत धरलेलं असतं, की पूर्वी पक्ष गरिबाच्या वर्गणीवर चालायचे आणि मग कधीतरी शेठजी आले. तसं झालेलं नाही. शेठजी पहिल्यापासून होते.

१९२० साली नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली. वर्षाला चार आणे द्या, सभासद व्हा. आपल्याकडे त्याआधीच पैसा फंड होऊन गेला होता. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. म्हणजे थेंबे थेंबे तळं ही रीत आपल्या ओळखीची. पण पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचे ठरले आणि ते जमले, तेव्हा त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता. आर्देशिर गोदरेज यांनी एकट्याने ३ लाख दिले. आता हिशेब करा. चार आण्यांनी ३ लाख व्हायला किती सभासद लागतात? १२ लाख! एका माणसाच्या देणगीत १२ लाख माणसांची वर्गणी. आणि पक्षाचे खजिनदार कोण? जमनालाल बजाज. १९२० पासून १९४२ ला ते गेले तोपर्यंत. बिर्लांचं तर सगळ्यांनाच माहीत आहे.

मग चार आणेवाल्याला तेव्हा पक्ष आपला का वाटायचा? तो काही भोळा नव्हता. त्याच्याकडे एक गोष्ट होती जी कुठल्याही शेठजीला चेकने देता येत नव्हती. तुरुंग भरायला माणसं लागायची. मिठाच्या सत्याग्रहाला, परदेशी कापडाच्या दुकानापुढे उभं राहायला, लाठी खायला माणसं लागायची. ३ लाखांची देणगी देणारा एकच माणूस होता; तुरुंगात मात्र एक देणगीदार १२ लाखांच्या जागी बसू शकत नाही. त्यामुळे पैसा वरून आला तरी पक्षाची खरी गरज खाली होती. मोठ्या थैलीने लहान माणसाला बाहेर काढलं नाही, कारण त्याच्यावाचून पक्षाचं चालत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर पैशाचा आणि कायद्याचा खेळ सुरू झाला. यातलं एक प्रकरण मुंबईचं आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणगी देता यावी म्हणून आपल्या नियमपत्रात बदल करायचा होता. एका भागधारकाने हरकत घेतली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात, मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्यापुढे गेलं. छागलांनी परवानगी दिली, कारण मनाई करणारा कायदाच नव्हता. पण परवानगी देता देता त्यांनी बजावलं, की हा लोकशाहीला धोका आहे, वाढत जाणारा आहे, संसदेने यात लक्ष घालावं. आणि तो भागधारक बघा! त्याचं म्हणणं किती साधं होतं. माझा पैसा पोलाद करायला दिलाय, पक्ष चालवायला नाही. सत्तर वर्षं होत आली, त्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालेलं नाही.

तरी त्या काळात एक उघडपणा होता. १९६१ मध्ये जेआरडी टाटांनी नेहरूंना पत्र लिहून कळवलं, की आम्ही काँग्रेसबरोबर स्वतंत्र पक्षालाही देणगी देणार आहोत. विरोधकाला पैसे देणार हे पंतप्रधानाला स्वतःहून पत्राने कळवणारा उद्योगपती आज डोळ्यापुढे आणून बघा. (हशा)

१९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर बंदीच घातली. ऐकायला क्रांतिकारक. पण निवडणुकीचा खर्च काही कमी झाला नव्हता. तेव्हा पैसा थांबला नाही, फक्त पावती थांबली. पुढची पंधरा-सोळा वर्षं परवाने, कोटा, बॅगा. आपल्या महाराष्ट्रात याचं टोक दिसलं ते सिमेंट प्रकरणात. अंतुले मुख्यमंत्री असताना निघालेलं प्रतिष्ठान म्हणजे पक्ष नव्हे, हे खरं. पण टंचाईच्या काळातलं सिमेंटचं वाटप आणि त्या प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध होता असा निष्कर्ष उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी काढला, आणि जानेवारी १९८२ मध्ये अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला.

मग १९८५. कंपन्यांच्या देणग्या पुन्हा कायदेशीर झाल्या, नफ्याच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. आणि त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबरमध्ये, काँग्रेसचं शताब्दी अधिवेशन मुंबईत भरलं. तिथे राजीव गांधींनी आपल्याच पक्षातल्या सत्तेच्या दलालांवर कोरडे ओढले. जुन्या कार्यकर्त्यांना वाटलं, आता आपले दिवस आले. दलालांचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

आता अलीकडे येतो. २०१३ च्या कंपनी कायद्यात ही मर्यादा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के झाली होती. २०१७ मध्ये ती काढूनच टाकली. म्हणजे तोट्यातली कंपनीही देणगी देऊ शकेल! ज्या कंपनीला नफाच नाही ती पैसे कुठून आणि कशासाठी देते, हा प्रश्न किराणा दुकानदारालाही पडेल. २०१८ पासून निवडणूक रोखे आले, ज्यांना आपण सगळे बाँडच म्हणतो. सर्वात लहान बाँड १,००० रुपयांचा होता, म्हणजे कागदावर सामान्य माणसालाही जागा होती. प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या रकमेपैकी ९० टक्क्यांहून जास्त रक्कम एक कोटीच्या बाँडांतून आली. एकूण १६,००० कोटींच्या वर. त्यात भाजपचा वाटा निम्म्याच्या आसपास. पण बाकीचे काही उपाशी नव्हते. तृणमूल, काँग्रेस, भारत राष्ट्र समिती, द्रमुक, सगळ्यांनी घेतलं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि नफ्याची मर्यादा काढणंही रद्द केलं. बाँड गेले. कंपन्यांचा पैसा गेला नाही, इलेक्टोरल ट्रस्टची वाट २०१३ पासून होतीच.

एवढा पैसा लागतो कशाला? उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा आहे, लोकसभेला मोठ्या राज्यात ९५ लाख. पक्षाच्या खर्चावर मर्यादाच नाही. हेलिकॉप्टर, जाहिराती, सर्वेक्षण कंपन्या, मोबाइलवरचा प्रचार, सगळं तिथे बसतं. आणि आता नीट बघा, ही सगळी कामं पूर्वी कोण करायचं? मतदारसंघात काय चाललंय हे कार्यकर्ता सांगायचा, आता सर्वेक्षण कंपनी सांगते. भिंत कार्यकर्ता रंगवायचा, आता फ्लेक्स छापून येतो. सभेला माणसं तो आणायचा, आता ठेका निघतो. कंपनीच्या पैशाने पक्षाचं मत विकत घेतलं की नाही हे दर वेळी सिद्ध करता येत नाही. पण त्या पैशाने कार्यकर्त्याची गरज विकत घेतली, हे मात्र कुठल्याही गावात दिसतं.

२०१४-१५ मध्ये भाजपने मिस्ड कॉल देऊन सभासद करून घेतले. दहा कोटींहून अधिक सभासदांचा दावा होता, जगातला सर्वात मोठा पक्ष. मिस्ड कॉल म्हणजे काय? ज्याला पैसे पडत नाहीत तो कॉल. १९२० चा सभासद चार आणे देऊन यायचा आणि चार आणे दिले की चार प्रश्न विचारायचा हक्क मिळायचा. मिस्ड कॉल देणाऱ्याला कोण उचलून विचारणार, "बोला, काय म्हणणं आहे?"

आता तुम्ही म्हणाल, जे पक्ष असा पैसा घेत नाहीत त्यांचं काय? मार्क्सवादी पक्षाने बाँड घेतले नाहीत, उलट त्याविरुद्ध न्यायालयात गेला. हे श्रेय द्यायलाच हवं. पण याच पक्षाच्या सरकारने २००६ मध्ये सिंगूरला टाटांच्या नॅनोसाठी जवळपास हजार एकर जमीन घेतली. ज्या शेतकऱ्यांच्या जोरावर १९७७ पासून सत्ता होती, तेच समोर उभे राहिले. कारखाना २००८ मध्ये गुजरातला साणंदला गेला, २०११ मध्ये सत्ता गेली. तिथे कुणी थैली दिली म्हणून हे घडलं नाही. गुंतवणूक दुसऱ्या राज्यात जाईल ही भीती पुरेशी होती. म्हणून नुसत्या देणग्यांची यादी वाचून सगळं कळतं असं मी मानत नाही. आम आदमी पक्षाने तर ती यादी वेबसाइटवर टाकली होती. पुढे काढली, आणि अण्णा हजाऱ्यांनी जाहीर पत्र लिहून त्याचा जाब विचारला.

निष्ठावंतांना मात्र मला एक विचारायचं आहे, आणि ते थोडं लागेल. तुमच्या तक्रारीत दोन तक्रारी एकात एक गुंतलेल्या असतात. "धोरण उद्योगपतींच्या सोयीचं झालं" ही एक. "मला कुणी विचारत नाही" ही दुसरी. पहिली तोंडावर असते, पण माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या तक्रारीसाठी पक्ष सोडतो, आणि ज्या पक्षात जातो तिथेही तोच पैसा, तेच ट्रस्ट असतात. २०१७ मध्ये नफ्याची मर्यादा उठली तेव्हा कोणत्या पक्षाच्या तालुका बैठकीत यावर चर्चा झाली? गणेश मंडळाचा जमाखर्च विसर्जनानंतर फळ्यावर लागतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगाच्या डब्याच्या बिलावरून दोन तास भांडण होतं. आणि ज्या पक्षाला आयुष्य दिलं, त्याचा जमाखर्च एकाही जुन्या कार्यकर्त्याने भर सभेत मागितल्याचं मी पाहिलेलं नाही. तो निवडणूक आयोगाकडे जातो, तिथून पत्रकार आणतात, आणि आपण तो परक्याच्या घरचा असल्यासारखा वाचतो.

छागलांपुढे गेलेला तो भागधारक आठवा. कंपनीत त्याच्या हातात बहुमत नव्हतं, हरण्याचीच शक्यता होती आणि तो हरलाच. तरी तो त्या कंपनीचा भागधारक म्हणून, आत राहून, "माझा पैसा कुठे जातो?" असं विचारायला गेला. पक्षाच्या सभासदाकडे आज हेही उरलेलं नाही, कारण पक्षात त्याचा पैसाच नाही. तिथून सुरुवात करायची तर आधी वर्गणी मागावी लागेल, म्हणजे द्यावीही लागेल. कुठला पक्ष ती घ्यायला तयार आहे, आणि तुमच्यापैकी किती जण पावतीचं पुस्तक घेऊन पुन्हा दारोदार फिरायला तयार आहेत, हे प्रश्नोत्तरात बोलूया. पहिला प्रश्न कोणाचा?