क्रोपॉटकिन यांचा ग्रामसमाज आणि संघाचा विनय

पीटर क्रोपॉटकिन या रशियन अराज्यवादी विचारवंताचा 'म्युच्युअल एड' हा ग्रंथ १९०२ साली प्रसिद्ध झाला. जीवनकलहाप्रमाणेच परस्पर साहाय्यही उत्क्रांतीचे कारण आहे, असे त्यात प्रतिपादन आहे. ग्रामसमाज व मध्ययुगीन नगरांतील कारागीरसंघ यांचे दाखले देऊन, केंद्रीभूत राज्यसत्तेने ही सहकार्याची परंपरा मोडली, असा निष्कर्ष ते काढतात. धाकावाचूनही माणूस नीतीने वागू शकतो, हा त्यांचा विश्वास धम्माला परका नाही.

आमचा मतभेद ग्रामसमाजाविषयी आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीला पाणवठा बंद करण्यासाठी सरकारी हुकमाची गरज कधी भासली नाही. गावाची एकजूट पुरेशी होती. परस्पर साहाय्य तेथेही होते, पण ते बहिष्कार घालणाऱ्यांचे आपसांतील होते. म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानण्याचे समर्थन केले.

याचा अर्थ वरिष्ठांची हुकमत निर्दोष ठरते असा नव्हे. तथागतांनी उत्तराधिकारी नेमला नाही. धम्म आणि विनय हेच शास्ता ठरविले. संघाचे निर्णय गणपूर्ती, ज्ञप्ती व शलाकाग्रहण यांनी होत. शाक्य कुमारांच्या आधी उपाली नाभिकाला प्रव्रज्या मिळाली, आणि कुमारांना त्याला वंदन करावे लागले.

क्रोपॉटकिन सहकार्याला समतेची जननी समजतात. विनय सांगतो की समता आधी हवी, आणि ती नियमांनी राखावी लागते. आमच्या विहारांतील व संस्थांतील पदाधिकाऱ्यांनीही याच कसोटीला उतरले पाहिजे.