पासिंग

महाडात जुनी गाडी विकायला काढली की पहिला प्रश्न किमतीचा येत नाही. ‘पासिंग कुठली?’ असं विचारतात. ‘पेण पासिंग, झिरो सिक्स’ म्हटलं की समोरचा खुर्ची जवळ ओढतो. ‘पुणे पासिंग’ म्हटलं की एनओसीचं काय, टॅक्सचं काय, हे सुरू होतं. पासिंग या शब्दात गाडीचं कूळ, गाव आणि सातबारा असं सगळंच येतं. मी तो शब्द लहानपणापासून ऐकत आलो आणि ज्या पत्र्यावर तो लिहिलेला असतो तो पत्रा वाचत आलो. महाडच्या नाक्यावर शाळा सुटल्यानंतर उभं राहिलं की मुंबई–गोवा हायवे समोरून वाहत असायचा. माझं निम्मं वाचन तिथेच झालं.

नंबर प्लेट ही रचना आहे, आणि तिचं रचना म्हणूनच रसग्रहण व्हायला हवं. तिचे चार चरण असतात. आधी राज्याची दोन अक्षरं, मग परिवहन कचेरीचे दोन आकडे, मग मालिकेची एक किंवा दोन अक्षरं आणि शेवटी त्या गाडीचे स्वतःचे चार आकडे. आपण पत्ता लिहितो तो घरापासून सुरू करून मु. पो., ता., जि. असा बाहेर बाहेर जातो. प्लेट नेमकी उलट चालते. आधी राज्य सांगते, मग जिल्हा, मग थोडं थांबते आणि शेवटी स्वतःचं नाव घेते. मोठ्याने वाचून पाहा: ‘एम एच झिरो सिक्स’ एका दमात येतं, मालिकेच्या अक्षरांवर यती पडते आणि मग चार आकडे ठोक्यात येतात. अपघाताच्या वेळी, धावत्या गाडीकडे पाहत, घाबरलेल्या माणसालाही ही रचना लक्षात ठेवता येते ती या लयीमुळे.

ही लय आपल्याला १ जुलै १९८९ रोजी मिळाली. त्या दिवशी नवा मोटार वाहन कायदा अमलात आला. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे, एवढंच असायचं. जुन्या हिंदी चित्रपटांत पाठलागाचे प्रसंग पाहताना मी अजूनही गाडीच्या मागे पाहतो. बी एल, एम आर, एम एम अशी सुरुवात दिसली की गाडी मुंबई-महाराष्ट्राची हे कळतं, पण कुठल्या गावची हे सामान्य माणसाला वाचता येत नाही. नव्या रचनेने गाव आकड्यात बांधलं आणि ते कुणालाही वाचता येऊ लागलं. तिसऱ्या चरणातही एक बारीक विचार आहे. त्यात ‘आय’ आणि ‘ओ’ ही अक्षरं येत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. उरली चोवीस. दोन अक्षरांच्या जोड्या होतात ५७६, आणि प्रत्येक जोडीत ९९९९ गाड्या. म्हणजे एकट्या ‘झिरो सिक्स’च्या पोटात नुसत्या जोडअक्षरी मालिकांतून साडेसत्तावन्न लाखांहून जास्त गाड्या मावतात. दोन अक्षरांत एवढी जागा!

पण मला खरा रस आहे तो दुसऱ्या चरणात. महाराष्ट्राच्या आकड्यांची यादी एकदा सलग वाचावी. ०१ ते ०५ मुंबई, ठाणे, कल्याण. मग ०६ रायगड, आणि ०८ पर्यंत कोकण संपतं. ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे: ही तर पुणे–बंगळूर रस्त्याने दक्षिणेकडून वर येणारी गाडीच आहे. १३ सोलापूर आणि १४ पिंपरी-चिंचवडनंतर १५ ला नाशिक लागतं, १९ ला जळगाव. २० ला मराठवाडा उघडतो तो २६ च्या नांदेडपर्यंत. २७ अमरावती, ३१ नागपूर, ३४ चंद्रपूर. महसुली विभाग एकामागून एक उलगडत राज्य पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. ३७ पासून भूगोल थांबतो आणि इतिहास सुरू होतो. वाशीम, हिंगोली, नंदुरबार हे १९९८-९९ मध्ये जन्मलेले जिल्हे, त्यांना ३७, ३८, ३९. पुढे मालेगाव ४१, बारामती ४२, अकलूज ४५, कराड ५०. म्हणजे जिल्ह्याच्या गावांना आकडा मिळून झाला, आता तालुक्याची गावं रांगेत आली. पनवेलला ४६ मिळाला. त्यामुळे पनवेलची जुनी गाडी आमच्यासारखीच ०६ ची असते आणि नवी ४६ ची. एकाच दारात उभ्या असलेल्या त्या दोन गाड्यांमध्ये थोरली कोण आणि धाकटी कोण, हे मॉडेल न बघता सांगता येतं.

या यादीत एक जागा मला फार आवडते, आणि ती आमच्याच रस्त्यावर आहे. महाडहून दक्षिणेला निघालं की ०६ नंतर कशेडी घाट ओलांडून ०८ लागतं. ०८ म्हणजे रत्नागिरी. सगळी रत्नागिरी पार केली की मग ०७ येतं, सिंधुदुर्ग. त्यानंतर गोवा. रस्ता सांगतो सहा, आठ, सात. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग रत्नागिरीतून वेगळा निघाला, पण आकड्यांच्या ओळीत लेक आईच्या पुढे उभी आहे. मोजणीत चूक झाल्यासारखं वाटतं खरं, पण मला ती गाण्यातल्या वक्र चालीसारखी वाटते. सरळ आरोहात जाणारा सूर एका ठिकाणी पुढच्याला आधी स्पर्श करतो आणि मग मागच्यावर येतो. शिवाय ०८ नंतरचा ०९ पाहा. रत्नागिरीहून आंबा घाट चढला की कोल्हापूर. यादी करणाऱ्याच्या मनात तो घाट होता, असं मी धरून चाललो आहे. ही माझी कल्पना, पण ती सोडायची माझी इच्छा नाही.

आणि पोलादपूर. हे छोटं गाव नंबर वाचणाऱ्यासाठी तीर्थासारखं आहे. सरळ गेलं तर कशेडी, पलीकडे खेड, म्हणजे ०८. डावीकडे वळलं तर आंबेनळी घाट, वर प्रतापगड आणि महाबळेश्वर, म्हणजे ११. अलीकडे महाडहून वरंधा घाटाने चढलं तर भोर, म्हणजे १२. तीन घाटांतून तीन आकडे उतरतात आणि आमच्या ०६ मध्ये मिसळतात. हंगामात स्ट्रॉबेरीचे खोके भरलेली पिकअप ११ चीच असणार. प्रतापगड बघून उतरणाऱ्या गाड्यांत १२ आणि १४ भरपूर. कशेडीचा बोगदा सुरू झाल्यापासून ०८ वाले घाटाची वळणं न घेता येतात, त्यामुळे त्यांचे ड्रायव्हर पूर्वीसारखे चहाला थांबत नाहीत. वाचायला तेवढा वेळ कमी मिळतो, याची मला खंत आहे.

महाडच्या औद्योगिक वसाहतीकडे, बिरवाडीच्या बाजूला, वेगळी भाषा ऐकू येते. रसायनांचे टँकर येतात त्यांवर जीजे. जीजे-१६ म्हणजे भरूच, जीजे-१५ म्हणजे वलसाड. जीजे-०६ म्हणजे वडोदरा; आमच्याच आकड्याचा हा गुजराती मावसभाऊ दिसला की उगाच जवळीक वाटते. हायवेवर केए-१९ मंगळूर, केए-२० उडुपी, आणि केरळचे केएल. एनएल दिसला की नवखा माणूस चमकतो: नागालँडची गाडी कोकणात? नॅशनल परमिटच्या ट्रकांची आणि लांब पल्ल्याच्या बसगाड्यांची नोंदणी तिकडे बरीच होते. गाडीने कोहिमा पाहिलेलंच असेल असं नाही. पासिंग म्हणजे जन्मगाव नव्हे, ते नाव नोंदवल्याचं गाव, हे मला एनएलने शिकवलं.

हाच धडा एसटी अधिक सुंदर रीतीने देते. महाड आगाराच्या फलाटावर उभं राहून मागच्या बाजूचे नंबर वाचावेत. एमएच-१४ बीटी, एमएच-२० बीएल, एमएच-४०. या गाड्या पिंपरीहून, मराठवाड्यातून, नागपूरहून आलेल्या नाहीत. पाटीवर लिहिलेलं असतं शेजारच्या गावाचं नाव. महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत: दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळची हिंगणा. जिथे सांगाडा चढला तिथलं पासिंग. म्हणून १४ वाचलं की दापोडी, २० वाचलं की चिकलठाणा आणि ४० म्हणजे नागपूर ग्रामीण वाचलं की हिंगणा. माहेरचं नाव मागे आणि सासरचं पुढे, पाटीवर. सावित्री नदीच्या काठाने वाकणांतून जाणाऱ्या एसटीच्या पाठीवर वैदर्भी आकडा पाहिला की तिथल्या कारागिराने ठोकलेला पत्रा आमच्या पावसात कसा टिकतोय हे मी बघतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड आणि पोलादपूरच्या मधला सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला. त्याबरोबर दोन एसटी गेल्या, एक जयगड–मुंबई आणि एक राजापूर–बोरिवली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत त्यांचे नंबर छापून येत होते. एकीचा २० चा, दुसरीचा ४० चा. मी ते अनेकदा वाचले. वाचण्याची सवय असूनही त्या दोन ओळी मला रचना म्हणून वाचता आल्या नाहीत.

वर्षातले दोन दिवस मात्र सगळी यादी महाडला येते. २० मार्चला चवदार तळ्यावर. १९२७ च्या सत्याग्रहाला वंदन करायला माणसं येतात तेव्हा गावात शिरणाऱ्या गाड्यांवर २६ नांदेड, २७ अमरावती, ३० अकोला, ३१ नागपूर असे आकडे दिसतात. चंद्रपूरचा ३४ पाहिला की मी जागेवर थांबतो, कारण तो महाराष्ट्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, एका तळ्यासाठी आलेला असतो. आणि ६ जूनला, राज्याभिषेकाच्या दिवशी, नाते खिंडीकडे वळणारी रांग ०९, १०, ११, १२ अशी जणू पाढे म्हणत रायगडाकडे जाते. तिसरा हंगाम गणपतीचा, पण त्याची यादी लहान: ०१, ०२, ०३, ०४, ०५, ४३, ४७, ४८. मुंबई आणि तिची उपनगरं गावाला निघालेली. त्यातला ४८ म्हणजे वसई-विरार. माझ्या लहानपणी चाकरमान्यांच्या गाड्यांवर तो आकडाच नव्हता. मुंबईचा माणूस किती लांब राहायला गेला, हे मला त्या आकड्याने सांगितलं.

आकडे टिकतात आणि नावं बदलतात, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, २० तसाच राहिला. उस्मानाबादचं धाराशिव झालं, २५ तसाच. आमच्या कुलाब्याचं रायगड झालं ते १९८१ मध्ये, एमएचच्या जन्माआधी, म्हणून ०६ ने दुसरं नाव कधी ऐकलंच नाही.

रंगांबद्दल थोडक्यात. पांढऱ्यावर काळं म्हणजे घरची गाडी, पिवळ्यावर काळं म्हणजे भाड्याची. आमच्याकडच्या मिनीडोर रिक्षांची प्लेटही पिवळी. काळ्यावर पिवळं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली. हिरवी प्लेट विजेवरच्या गाडीची. पंचवीसेक वर्षांपूर्वीपर्यंत घरच्या गाडीवर काळ्या पाटीत पांढरी अक्षरं असायची. मला ती अजून देखणी वाटतात.

अक्षरांचं माप नियमातच आहे: मोटारीला उंची ६५ मिलिमीटर, जाडी १०, दोन अक्षरांत अंतर १०. गावचा पेंटर हे माप डोळ्याने साधायचा. त्याच्या हातून ४१४१ चं ‘दादा’ व्हायचं आणि ४९१२ चं ‘पवार’. नऊमध्ये ‘व’ आणि दोनमध्ये ‘र’ पाहणारी ती नजर कलावंताची आहे, यात मला शंका नाही. पण ते लिहू नये, असंच माझं मत आहे. शब्द दिसला की आकडा दिसत नाही. देवनागरी प्लेटबद्दलही तेच. मराठी अंक मला जिवापाड प्रिय आहेत, पण प्लेट आपल्या माणसासाठी नसते. ती अनोळखी माणसासाठी असते, कदाचित मंगळूरच्या ट्रकवाल्यासाठी, ज्याने वरंध्यात आपल्याला दरीकडे घसरताना पाहिलं.

बीएच मालिका मात्र मला अजून जमलेली नाही. २०२१ पासून ती आली. आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग चार आकडे, मग अक्षरं. काळ पुढे आला आणि गाव गळालं. बदलीच्या नोकरीत असलेल्यांची सोय म्हणून ती योग्यच आहे. आमच्या तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे, पिढ्यान्पिढ्या सैन्यात जाणाऱ्यांचं. तिथला जवान सुट्टीवर बीएचची गाडी घेऊन आला तर त्याला प्रत्येक बदलीत नव्याने पासिंग करावं लागणार नाही. हे पटतं. तरी ती प्लेट वाचताना जीभ दुसऱ्या चरणावर गाव शोधत राहते.

२०२५ मध्ये १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही नवी उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची झाली तेव्हा मीही माझ्या जुन्या स्कूटरला ती बसवून घेतली. अॅल्युमिनियमचा पत्रा, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला क्रमांक, उठावदार अक्षरं, काढता न येणारं कुलूप. सगळ्या गाड्यांचा सहा आता सारखा. आंबेनळीत धुकं उतरलं की पुढच्या गाडीचं दुसरं काहीच दिसत नाही, फक्त ती प्लेट आपल्या दिव्यात उजळून निघते, आणि अशा वेळी मला तिच्याबद्दल काहीच तक्रार नसते. जुनी प्लेट मी घरी आणली. पेंटरने ती उन्हात बसून, एका हाताने मनगट धरून लिहिली होती. त्यातल्या सहाचं पोट शून्यापेक्षा किंचित मोठं आहे, आणि खालच्या कडेला पिवळ्या मातीची एक रेघ आहे. ती धुतलेली नाही.